हप्ते चालू असताना घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा

पगार झाला की यूपीआयवरून दूध, भाजी, रिक्षा, पोरांचं काहीबाही असं करत पैसे कधी उडतात कळतच नाही आणि ईएमआयच्या तारखेला खात्यात खडखडाट.

यावर सोप्पं म्हणजे:

१. पगाराचं खातं यूपीआय ॲपमधून काढूनच टाका, त्यातून फक्त ईएमआय, भाडं, लाईटबिल जाऊ दे.
२. दुसरं एक झिरो बॅलन्सचं खातं यूपीआयला जोडा आणि दर सोमवारी त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे टाका. महिन्याचे एकदम टाकू नका, पहिल्या दहा दिवसांत संपतात (आमच्याकडे तरी!). किराणा महिन्याचा भरत असाल तर तो हिशोब पहिल्या आठवड्यात धरा.
३. रविवारी जे उरेल, शंभर का असेना, ते क्रेडिट कार्डाच्या बाकीत भरा, कारण कार्डाचं व्याज महिन्याला साधारण तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास जातं, होम लोन त्यापुढे काहीच नाही.

फक्त एक, ईएमआयच्या खात्यात हप्त्यापेक्षा हजारेक रुपये जास्तच ठेवा, बँकेने मधेच कसलातरी चार्ज कापला आणि हप्ता बाउन्स झाला तर दंड लागतो आणि सिबिल स्कोअरही (कर्ज देताना बँका बघतात तो आकडा) खाली येऊ शकतो.