पऱ्यावर वनराई बंधारा घालायचा कसा, आणि मे महिन्यात काढायचा कसा

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाडीवर टँकर येतो. घाटावरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. पण आमच्याकडे उतारच असा की डोंगरावर पडलेलं पाणी थांबतच नाही, बघता बघता खाडीला मिळतं. जे जमिनीत मुरतं तेही जांभ्या दगडाच्या भोकाभोकांतून खाली निघून जातं. त्याला थोडं अडवून धरायचं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

रिकाम्या सिमेंटच्या गोणी मातीने भरून पऱ्यावर, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या लहान ओढ्यावर, रचलेल्या बांधाला ‘वनराई बंधारा’ म्हणतात. माजी केंद्रीय मंत्री मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेवरून हे नाव पडलं. पद्धत जुनीच आहे. गोणी नव्हत्या तेव्हा लोक दगड, माती नि पाला घालून वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकासाठी, पाणी अडवायचेच. आमच्या वाडीचं मंडळ गेली काही वर्षं हे काम करतंय, आणि पहिली दोन वर्षं आम्ही जवळपास सगळं चुकीचं केलं. त्या चुका तुम्ही करू नयेत, म्हणून हे सविस्तर.

आधी जागा

पऱ्या जिथे अरुंद होतो आणि वरच्या अंगाला पसरट, सपाट असतो, ती जागा बघा. दोन्ही काठ पक्के हवेत. उंदराखेकड्यांची बिळं असलेला मातीचा काठ नको. तळाशी काळा कातळ असेल तर उत्तम, पण भेगा तपासा. जवळपास किंवा खालच्या अंगाला विहीर असेल तर बंधाऱ्याचा उपयोग दुप्पट होतो. साकवाच्या (पऱ्यावरच्या लहान पुलाच्या) अगदी जवळ किंवा कुणाच्या भाताच्या खाचरात पाणी शिरेल अशा ठिकाणी मात्र घालू नका. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन एकदा पऱ्याकडेने फिरा. जुना बांध कुठे होता ते त्याला नक्की ठाऊक असतं.

मग उतार मोजा. गवंडी वापरतो तो पाण्याचा पारदर्शक पाईप पुरतो. समजा 130 फुटांत तळ 3 फूट चढतो, म्हणजे 3 फुटी बंधाऱ्याचं पाणी मागे 130 फुटांपर्यंत जाईल. पऱ्या 20 फूट रुंद असेल तर 20 गुणिले 130 गुणिले 3, भागिले 2, म्हणजे 3900 घनफूट. एका घनफुटात साधारण 28 लिटर बसतं. काठ उतरते असतात, म्हणून आलेल्या आकड्यातला तिसरा हिस्सा सोडून द्या. तरी 70 हजार लिटरच्या वर पाणी एका वेळी उभं राहतं, आणि वरून झरा चालू आहे तोवर ते भरत राहतं.

उंची 3 फूट, फार तर 4. त्यापुढे हौस नको. तो इंजिनिअरचा प्रांत आहे. एक उंच बंधारा घालण्यापेक्षा खाली-वर तीन बुटके घातलेले बरे.

मग माणसं

दोन्ही काठांच्या जमीनमालकांना विचारा, ग्रामपंचायतीच्या कानावर घाला. हे सगळेच करतात. खालच्या वाडीला सांगायचं तेवढं राहून जातं. बंधारा भरेपर्यंत एक रात्र, कधी एक दिवस, खाली पाणी जवळजवळ जात नाही. आम्ही पहिल्या वर्षी न सांगता पऱ्या अडवला आणि सकाळी खालच्या वाडीतल्या बाया हंडे घेऊन आमच्या दारात उभ्या! त्या भांडल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. आता आम्ही आदल्या दिवशी जाऊन सांगतो, आणि त्यांच्यातली पाच-सहा माणसं कामालाही येतात.

वेळ भातकापणी उरकल्यानंतरची, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. फार लवकर घातला तर परतीचा एक पाऊस सगळं घेऊन जातो, आणि डिसेंबर उलटला तर अडवायला पाणीच उरत नाही. मुंबई मंडळाची पोरं दिवाळीला गावी येतात तो दिवस धरला तर हात कमी पडत नाहीत. वर सांगितलेल्या मापाला 25 माणसं सकाळी लागली तर दुपारच्या जेवणापर्यंत काम होतं.

सामान

20 फूट रुंद, 3 फूट उंच बंधाऱ्याला सुमारे 200 गोणी लागतात. फाटाफूट धरून 225 जमवा. गावात घर बांधायला काढलं असेल त्याला पावसाळ्यातच सांगून ठेवायचं. उन्हात पडून राहिलेली गोणी चिमटीत धरून ओढली की भुगा होतो, ती घेऊ नका. खताच्या गोणी घेतल्या तर त्या पऱ्यात धुवायच्या नाहीत. बाकी फावडी, घमेली, पहार, दाभण, सुतळी, चिकणमातीचा ढीग, भाताचा पेंढा आणि 4 इंची पाईपचा 8 फुटी तुकडा.

गोणीत भरायला पऱ्यात साचलेली रेव आणि माती घ्या. काठ पोखरून माती काढू नका, नाहीतर पुढच्या पावसात काठच बसेल. गोणी पाऊणच भरायची, तीही हात सैल ठेवून. तोंडापर्यंत ठासलेली गोणी फुटबॉलसारखी गोल होते, एकीवर दुसरी बसत नाही. पाऊण भरलेली पायाखाली घातली की चपटी होते आणि शेजारणीला चिकटते. वजन 35-40 किलो भरतं, म्हणून उचलायला दोघं असावेत. तोंड दाभणाने चार टाक्यांत शिवलं तरी पुरे.

रचाई

खरं काम पायाचं, आणि नेमका तिथेच कंटाळा येतो. तळाचा पाला, गोटे, वाळू सगळं काढून घट्ट जमीन लागेपर्यंत खणा. कातळ असेल तर झाडूने स्वच्छ करा. दोन्ही काठांत फूट-दीड फूट आत खाच घ्या, म्हणजे बंधाऱ्याची टोकं काठात रुततील. आम्ही हे टाळलं होतं. संध्याकाळी नारळ फोडला, फोटो काढले, आणि पहाटे बघतो तर बंधारा जसाच्या तसा उभा, पण पाणी सगळं खालून निघून गेलेलं. नदीत फणी उभी करून ठेवावी तसा दिसत होता.

तळाशी पाईप आडवा टाकून वाहतं पाणी त्यातून जाऊ द्या, म्हणजे काम कोरड्यात होतं. पायाची रुंदी 4-5 फूट, माथ्याची 2 फूट. गोणींच्या दोन भिंती रचत जायचं आणि मधल्या पोकळीत पेंढा कालवलेली चिकणमाती भरायची. प्रत्येक थराला पोरांना नाचवा, माती तुडवून घट्ट बसली पाहिजे. विटांसारखा सांधा मोडत जा: खालच्या दोन गोणींच्या फटीवर वरची गोणी. शिवलेलं तोंड आतल्या अंगाला. असे आठ-नऊ थर झाले की 3 फूट होतात.

माथ्यावर मधोमध 3-4 फूट लांबीचा भाग अर्धा फूट खाली ठेवा. भरल्यावर पाणी तिथूनच सांडावं, काठाकडून नाही. सांडलेलं पाणी पडतं तिथे मोठे दगड टाका, नाहीतर धारेने बंधाऱ्याच्या पायाखाली खड्डा पडतो. वरच्या अंगाला पायथ्याशी चिकणमातीचा उतरता थर लिंपून घ्या. शेवटी पाईपच्या वरच्या तोंडात मातीची लहान गोणी कोंबायची.

पाणी चढू लागलं की गळती शोधा. आमच्या वाडीतल्या एका तात्यांची युक्ती सांगतो. गिरणीतला भाताचा कोंडा मूठभर घेऊन ते बंधाऱ्यालगत पाण्यावर भुरभुरतात आणि विडी ओढत बसतात. जिथे कोंडा गोल फिरून खाली ओढला जातो, तिथे भोक. वरून तिथेच पेंढा नि चिकणमातीचा गोळा दाबायचा. बाहेरच्या अंगाने कितीही लिंपलं तरी गळती थांबत नाही. पहिल्या रात्री दोघांनी पहाऱ्याला थांबावं.

पाणी आल्यावरचे प्रश्न

पाणी दिसलं की पंप येतात. किती पंप, किती तास, गुरं कुठे उतरवायची, कपडे कुठे धुवायचे हे गावकीच्या बैठकीत आधी ठरवा. नंतर ठरवायला गेलात तर वाद होतो.

विहिरीचं पाणी मोजत राहा. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारून दर रविवारी किती गाठी भिजल्या ते वहीत लिहायचं. बंधाऱ्यातलं पाणी मेपर्यंत टिकेल अशी आशा ठेवू नका, आमचा मार्चमध्येच आटतो. पण खालच्या विहिरीचा तळ पूर्वीपेक्षा तीन-साडेतीन आठवडे उशिरा दिसतो, आणि शिमग्यापर्यंत वरच्या मळ्यांत मुळा-माठ, वाली निघते. टँकर बंद झालेला नाही, उशिरा येतो.

काढणी

बंधारा घातल्याच्या बातम्या सगळीकडे दिसतात, काढल्याची एकही दिसत नाही. गोणी प्लास्टिकच्या असतात. ठेवल्या तर जूनच्या पहिल्या लोंढ्यात फुटून खाडीपर्यंत जातात, काही साकवाला अडकून पाणी तुंबवतात. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एक रविवार ठरवायचा. या वेळी 25 नाही, सात-आठच माणसं येतात. ते धरूनच चला. दाभणाचे टाके कापून माती पऱ्याच्या कडेला पसरायची, धड गोणी झटकून सावलीत ठेवायच्या, फाटक्या एका पोत्यात बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यायच्या. घालताना मोजल्या होत्या तशा काढतानाही मोजायच्या.

गेल्या वर्षी आम्ही 210 घातल्या, 203 मिळाल्या. उरलेल्या सातांपैकी पाच खालच्या वाडीतल्या पोरांनी वडाच्या मुळांतून ओढून आणून दिल्या. धड निघाल्या त्या 61 गोणी देवळाच्या माळ्यावर बांधून ठेवल्यात.