परसात कामाची खोली: गोव्यात आखणी पावसापासून सुरू करा

डिसेंबरात परसात उभे राहिले की कुठेही खोली बांधावीशी वाटते. ऊन कोवळे, वारा कोरडा, माडांची सावली. पण त्याच जागी जुलैत उभे राहून पाहा. नैऋत्येकडून येणारी आडवी सर, घोट्यापर्यंत पाणी, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर शेवाळ आणि दुपारी दोनला दिवा लावावा लागेल इतका अंधार. पणजीत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरून काम करणाऱ्याला या चार महिन्यांची रजा नसते. म्हणून जागा, छप्पर, वीज, पायवाट यांचा प्रत्येक निर्णय ‘हे जुलैत चालेल का?’ असे विचारूनच घ्यावा.

परदेशी चित्रांत दिसते तशी लाकडी तयार केबिन बागेत आणून ठेवण्याचा मोह टाळा. इथल्या दमट हवेत प्लाय फुगतो, सांध्यांना बुरशी धरते आणि वाळवीला आयते खाद्य मिळते. आपल्या आज्या-पणज्यांनी चिरा, कौल, उंच जोते आणि लांब पागोळी यांचा मेळ घातला तो याच पावसासाठी. आपली खोलीही त्याच वाटेने जावी.

आधी जुने बांधकाम तपासा

नवे बांधण्यापूर्वी परसात काय उभे आहे ते पाहा. गुरे गेल्यावर ओस पडलेला गोठा, लाकूडफाट्याची खोप, घराच्या मागची पडवी. गोठ्याचे जोते पक्के आणि भिंती सरळ असतील तर छप्पर, फरशी आणि खिडक्या एवढ्यावर काम भागते. जमिनीत वर्षानुवर्षे मुरलेले शेण-मूत भिंतीतून क्षाराच्या रूपाने वर येते. त्यामुळे जुनी जमीन फूटभर खणून काढा, भिंतीचा खालचा गिलावा खरवडा आणि मगच नवा थर द्या. पडवी बंद करून खोली होत असेल तर ती सर्वांत स्वस्त, पण घरातला आवाज तिथे पोचतोच. पाहुणे, मिक्सर, टीव्ही यांपासून सुटका हवी असेल तर सुटी खोलीच बरी.

जागा ठरवा, तीही पावसात

शक्य असेल तर एक पावसाळा नुसते निरीक्षण करा. छपराचे पाणी कुठून वाहते, कुठे तुंबते, शेजाऱ्याच्या कुळागरातून (माड-पोफळीच्या बागेतून) येणारा ओहळ कुठून आत शिरतो, हे मोबाइलवर टिपून ठेवा. नदीकाठच्या वाड्यावर असाल तर म्हाताऱ्या माणसांना जुन्या पुराची खूण विचारा. जुलै २०२१ मध्ये सत्तरी आणि डिचोलीत घराघरांत पाणी शिरले होते. जोते त्या खुणेच्या वर हवे. एरवी सपाट परसातही ते दीड ते दोन फूट उंच असावे.

झाडांचा विचार वेगळा करावा लागतो. माडाची सावली हवी, पण खोली माडाच्या शेंड्याखाली नको. नारळ आणि झावळ कौले फोडतात आणि दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरही येऊ शकतात. जुन्या आंब्या-फणसाची वाळकी फांदी छपरावर झुकली असेल तर ती आधी उतरवून घ्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात शेकडो झाडे घरांवर आणि वीजतारांवर कोसळली, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अख्खे झाड तोडायचेच असेल तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. माझ्या मते झाड वाचवून खोली सरकवणे केव्हाही चांगले.

मुख्य घरापासून फार लांब जाऊ नका. लॅपटॉप छातीशी धरून, छत्री सांभाळत रोज दोन-चार वेळा ये-जा करायची आहे. पायवाटेला गुळगुळीत लाद्या कधीच नकोत. खडबडीत चिरा किंवा खरबरीत काँक्रीट घाला, दोन्ही बाजूंना पाणी निथळेल असा उतार द्या आणि पावसाळ्यात शेवाळ घासून काढायची तयारी ठेवा.

कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळू नका. ‘परसातलीच तर खोली’ म्हणून परवान्याशिवाय बांधले की एखाद्या तक्रारीवर काम थांबते.

एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद) काढून जागा कोणाकोणाच्या नावावर आहे ते पाहा. आपल्याकडे बऱ्याच उताऱ्यांवर अजून आजोबांचे नाव असते आणि वाटण्या झालेल्या नसतात. काका, आत्या, चुलत भाऊ यांचे हक्क त्या जमिनीत असतात, तेव्हा त्यांची संमती लेखी घ्या. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून दोघांच्याही सह्या लागतील हे धरून चला. घर मुंडकारीचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या राहत आलेल्यांचे, असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली घर आणि भोवतालची जागा तुमच्या नावावर झाली आहे का, हे आधी तपासा.

पुढचा प्रश्न जमीन कोणत्या क्षेत्रात येते हा. घर वसाहत क्षेत्रात आणि मागचे कुळागर बागायत क्षेत्रात, असे नेहमी आढळते. मोजणीच्या नकाशावर खोलीची जागा दाखवून नगर व ग्रामनियोजन खात्यात विचारा. जमिनीची सनद (वापर बदलण्याची परवानगी) लागेल का, हेही तिथे कळेल. समुद्रकिनारी किंवा मांडवी, झुवारी, शापोरा, साळ अशा भरती-ओहोटीच्या नद्यांच्या काठी सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) नियम वेगळे लागतात. अखेरचा परवाना पंचायतीचा, शहरात नगरपालिकेचा. जुन्या गोठ्याची दुरुस्ती असली तरी पंचायतीत लेखी अर्ज करा.

आकार आणि तोंड

एका माणसाला आतून १० फूट बाय १० फूट पुरते. नवरा-बायको दोघेही घरून काम करत असतील तर १० बाय १४ आणि मध्ये पुस्तकांच्या कपाटाचा आडोसा. याहून लहान खोलीत हवा कोंडते.

लांब बाजू उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून ठेवा. मोठी खिडकी उत्तरेला घ्या, तिथून दिवसभर सारखा प्रकाश मिळतो आणि उन्हाची तिरीप लॅपटॉपच्या पडद्यावर येत नाही. दार पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा. पश्चिमेची भिंत शक्यतो बंदच असू द्या. एप्रिल-मेची दुपार आणि जुलैची झड दोन्ही तिकडूनच येतात. वारा वाहता राहावा म्हणून दक्षिणेला छपराच्या लगत एक आडवी झडप पुरते.

टेबल खिडकीला आडवे लावा, म्हणजे प्रकाश बाजूने येईल. खिडकी पाठीमागे असली की पडद्यावर चमक येते आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा काळा दिसतो. टेबल किमान चार फूट लांब, दोन फूट खोल.

भिंती आणि छप्पर

भिंतीला चिरा घ्या. खाणीतून नुकताच निघालेला चिरा ओला आणि मऊ असतो, हवा लागेल तसा तो कठीण होतो. म्हणून तो आधी आणून परसात रचून ठेवला तर उत्तम. चिऱ्यात पांढरट मातीचे मोठे पोकळे असतील तर तो परत पाठवा, ती माती पावसात धुऊन निघते. आत गिलावा करा. बाहेर चिरा उघडा ठेवायचा तर सांधे नीट भरा. नैऋत्येच्या भिंतीला मात्र बाहेरूनही गिलावा हवाच. पाया भरण्यापूर्वी वाळवीचे औषध मारून घ्या, कारण फरशी बसल्यावर ते तितके नीट होत नाही.

छपराबद्दल माझे मत ठाम आहे: उघडा पत्रा नको. तो स्वस्त पडतो आणि चार दिवसांत बसतोही, पण आषाढातली सर पत्र्यावर कोसळू लागली की समोरच्या माणसाचे शब्द कळत नाहीत. ज्याची नोकरीच कॉलवर चालते त्याला हा आवाज परवडत नाही. मंगळूरी कौल घ्या. १८६५ पासून, मंगळूरला बासेल मिशनने कारखाना काढल्यापासून, हे कौल पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसात टिकून आहे. उतार २५ ते ३० अंश ठेवा, त्याहून कमी उतारावर वाऱ्याने पाणी उलटे कौलाखाली चढते. पागोळी भिंतीपासून तीन फूट पुढे काढा. वाशांना किंदळ चांगले, दार-चौकटीला फणस.

कौलाखाली लाकडी किंवा फायबर सिमेंटचे छत घातले तर पावसाचा आवाज आणखी कमी होतो आणि मेमधली धगही अडते. सत्तरी, फोंडा, सांग्यात वानर आणि माकडे छपरावरून उड्या मारतात आणि कौले सरकवतात. तिथे कौलाखाली पत्रा घालून वर कौले बसवावीत. पाणी आत येत नाही आणि वर कौल असल्याने आवाजही फारसा होत नाही.

वीज आणि इंटरनेट

मुख्य घरातून खोलीला स्वतंत्र सर्किट आणा. तार झाडावरून लोंबती नको. चिलखती केबल पाइपमधून, दोन फूट खोल पुरा आणि वर विटांचा थर देऊन मग माती लोटा, म्हणजे कुणी फावडे घातले तर ते आधी विटेला लागेल. खोलीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारी कळ) आणि स्वतंत्र अर्थिंग हवेच. ओल्या जमिनीवर उभे राहून वापरायच्या खोलीत यात काटकसर नको. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

वीज जाणारच, म्हणून हिशेब आधी करा. लॅपटॉप ६५ वॅट, मॉनिटर ३०, राउटर १०, दिवा १०, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३०. एकूण दीडशेच्या आत. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी असलेला इन्व्हर्टर हा भार सहाएक तास ओढतो. एक टनाचा एसी एकटाच सुमारे हजार वॅट घेतो, तो इन्व्हर्टरवर धरू नका.

चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय नीट जात नाही, त्यामुळे घरातला राउटर परसापर्यंत पोचेल या भरवशावर राहू नका. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते. पण मे आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा तीच केबल विजेचा धक्का यंत्रापर्यंत आणते. घरापासून खोलीपर्यंत फायबर टाकले तर हा धोका टळतो. सोबत दुसऱ्या कंपनीचे मोबाइल डेटा कार्ड ठेवा. त्याला खोलीत रेंज किती येते, ते पाया खणण्यापूर्वीच तिथे उभे राहून तपासा.

दमटपणा आणि सरपटणारे

पावसाळ्यात खोली दोन दिवस बंद राहिली तरी खुर्चीच्या चामड्यावर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी येते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा, रोज थोडा वेळ पंखा चालवा. कॅमेरा, हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. खिडक्यांना डासांची जाळी, दाराखाली पट्टी. नाग, मण्यार, फुरसे, घोणस हे चारही विषारी साप गोव्यात आहेत. जोत्यातले पोकळे सांधे बुजवा आणि भिंतीलगत लाकूडफाटा किंवा नारळाच्या सोडणांचा ढीग रचू नका.

वेळापत्रक

कागदपत्रे पावसाळ्यात फिरवा, पाया दसऱ्यानंतर. भिंती जानेवारीपर्यंत आणि कौले मार्चअखेरपर्यंत चढली तर आतले काम सावकाश करता येते. एप्रिल-मेमध्ये साऱ्या गावाला एकदमच छप्पर शाकारायचे असते आणि सुतार-गवंडी मिळत नाहीत.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडेल तेव्हा खोलीत बसून छताकडे लक्ष ठेवा. जिथे थेंब येतो तिथे फरशीवर खडूने खूण करा आणि उघडीप मिळताच तेवढीच कौले बदलून घ्या. त्यासाठी खरेदीच्या वेळीच त्याच कारखान्याची पंचवीसेक कौले जादा घेऊन ठेवा, कारण दुसऱ्या कारखान्याचे कौल खाचेत नेमके बसेलच असे नाही.