फीड गप्प झालं म्हणजे साइट बंद पडली असं नाही: आरएसएस वापरताना या चुका टाळा

आवडत्या साइटवर नवीन काही आलंय का हे बघायला रोज दहा टॅब उघडायची गरज नाही, आणि फेसबुकच्या किंवा यूट्यूबच्या मनात आलं तरच दिसणार असंही असायला नको, त्यासाठीच आरएसएस फीड असतं. साइट आपल्या ताज्या लेखांची यादी एका ठरलेल्या पत्त्यावर ठेवते, तुमचा फीड रीडर, म्हणजे फीड वाचायचं ॲप किंवा साइट, अधूनमधून तिथे चक्कर मारतो आणि नवीन दिसेल ते तुमच्यापुढे आणून ठेवतो, बस एवढंच. १९९९ पासून ही सोय आहे, २००५ मध्ये ॲटम नावाचा असाच दुसरा प्रकार प्रमाणित झाला, रीडरला दोन्ही कळतात त्यामुळे कुठलं घ्यायचं याचा विचार करत बसू नका. मध्ये अल्गोरिदम नाही, ईमेल द्यायचा नाही, आणि तुम्ही निवडलेलं सगळं तारखेच्या क्रमाने येतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, म्हणून लोक चार दिवस वापरतात आणि "चालत नाही यार" म्हणून सोडून देतात तेव्हा वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते चालत असतं, अडचण भलतीकडेच असते.

पत्ता चुकतो

बहुतेक जण साइटच्या होमपेजचा पत्ता रीडरमध्ये टाकतात. यात चूक काही नाही, चांगला रीडर त्या पानाच्या कोडमध्ये लपलेली फीडची लिंक आपणच शोधतो. पण कधीकधी साइटच्या थीममध्ये, म्हणजे तिच्या दिसण्याच्या साच्यात, ती लिंकच नसते आणि रीडर सांगतो की फीड सापडलं नाही. लगेच हार मानू नका. साइट वर्डप्रेसवर असेल तर पत्त्याच्या शेवटी इंग्रजीत स्लॅश फीड लावून बघा, सबस्टॅकलाही तेच चालतं, आणि ब्लॉगस्पॉट असेल तर स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट. मराठी विकिपीडियाच्या एखाद्या लेखावर लक्ष ठेवायचं असेल तर त्याच्या इतिहासाच्या पानाचंही ॲटम फीड मिळतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या साइटवर प्रेस रिलीज आणि नोटिफिकेशन यांची फीड्स वेगवेगळी आहेत, जे हवं तेवढंच घ्या.

दुसरं म्हणजे फीडच्या लिंकवर क्लिक केलं की ब्राउझरमध्ये टॅगांनी भरलेलं विचित्र पान उघडतं किंवा फाइलच डाउनलोड होते, आणि लोकांना वाटतं साइट बिघडली. बिघडलेलं काही नसतं. पूर्वी फायरफॉक्स हे पान नीट सजवून दाखवायचा, डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी ती सोय काढून टाकली, तेव्हापासून हा गोंधळ वाढलाय. वर दिसणारा पत्ता कॉपी करा, रीडरमध्ये टाका, झालं.

वर्डप्रेसच्या साइटवर रीडर बऱ्याचदा दोन फीड्स दाखवतो, एक लेखांचं आणि एक कॉमेंटचं. घाईघाईत दुसरं निवडलं जातं आणि मग "छान लिहिलंय" "सहमत" असल्या ओळी येत राहतात, लेख येतच नाही. नाव वाचून निवडा.

यूट्यूबचं जरा वेगळं आहे. चॅनेलचा ॲट चिन्हाने सुरू होणारा पत्ता काही रीडर ओळखतात, काहींना तो कळतच नाही, कारण खऱ्या फीडच्या पत्त्यात चॅनेलचा आयडी लागतो, यूसी या अक्षरांनी सुरू होणारा २४ अक्षरांचा. चॅनेलच्या माहितीत जा, शेअर चॅनेलवर दाबा, तिथे कॉपी चॅनेल आयडी मिळेल. या फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओच असतात, त्यामुळे जुने सगळे का आले नाहीत म्हणून शोधत बसू नका.

आणि एक खास आपल्याकडची अडचण. साइटवर विभागाचं नाव मराठीत असेल तर त्याचा पत्ता कॉपी केल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ येते, कारण देवनागरीतल्या एका अक्षरचिन्हाला पत्त्यात नऊ-नऊ जागा लागतात, काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात. काही जण ती माळ बघून घाबरून मधूनच तोडतात. तोडायची नाही, आहे तशी पूर्ण टाका.

फीड गप्प बसतं तेव्हा

माझ्या मते सगळ्यात घातक प्रकार हाच, कारण यात एरर समोर येत नाही. एखाद्या साइटवरून दोन महिने काहीच आलं नाही, तुम्ही समजता की लेखकाने लिहायचं थांबवलं, आणि तिकडे तो बिचारा दर आठवड्याला लिहितोय. साइटने डोमेन बदललं, किंवा थीम बदलताना फीड बंद झालं, किंवा नवीन सिक्युरिटी लावली आणि ती तुमच्या रीडरला बॉट, म्हणजे आपोआप चालणारा उपद्रवी प्रोग्राम, समजून हाकलून देतेय, असं काहीही असू शकतं. काही रीडर त्या नावाशेजारी छोटंसं चिन्ह दाखवतात, पण शंभर नावांच्या यादीत ते कोण बघतंय.

म्हणून महिन्यातून एकदा यादी उघडून कुठल्या फीडमध्ये शेवटची नोंद कधीची आहे ते बघायचं. संशय आला तर फीडचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये उघडा आणि त्यात सगळ्यात वरच्या लेखाची तारीख वाचा. तारीख ताजी असेल तर फीड ठणठणीत आहे आणि घोळ तुमच्या रीडरकडे आहे, ते फीड काढून पुन्हा जोडा. तारीख जुनी असेल पण साइटवर नवे लेख दिसत असतील तर फीड साइटकडेच अडकलंय, बऱ्याचदा कॅशमुळे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रतच पुढे येत राहिल्यामुळे. ४०४ हा एरर नंबर आला तर पत्ता बदलला, होमपेजवरून नव्याने शोधा. ४१० आलं तर साइटने ते मुद्दाम कायमचं काढलंय. ब्राउझरमध्ये उघडतंय पण रीडर ४०३ सांगतोय, तर बहुतेक वेळा सिक्युरिटीवाल्याने रीडरला अडवलंय, तिथे तुमच्या हातात फारसं काही नाही, साइटवाल्यालाच परवानगी द्यावी लागेल. आणि ४२९ म्हणजे तुमचा रीडर फार वेळा दार ठोठावतोय. पाच-पाच मिनिटांनी रिफ्रेश लावून काही मिळत नाही, तासातून एकदा पुरे.

मधले लेख गळतात

फीड म्हणजे सगळा जुना साठा नाही, फक्त शेवटच्या काही नोंदी असतात, वर्डप्रेसमध्ये कुणी बदललं नाही तर सेटिंग १० लेखांचं असतं. आता समजा तुमचा रीडर फक्त फोनवर आहे, फोनने बॅटरी वाचवायला त्याला मागे झोपवून टाकलं, आणि साइट दिवसाला पन्नास बातम्या टाकते, तर तुम्ही संध्याकाळी ॲप उघडाल तेव्हा शेवटच्या दहाच मिळतील, बाकीच्या चाळीस आल्या आणि गेल्या, त्या परत येत नाहीत. जास्त बातम्या टाकणाऱ्या साइटसाठी इनोरीडर, फीडली असा सर्व्हरवर चालणारा रीडर घ्या, तुमचा फोन बंद असला तरी तो गोळा करत राहतो. फोनवरचाच हवा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा.

पण खरं सांगू का, दिवसाला पन्नास बातम्यांचं अख्खं फीड घ्यायचंच कशाला? वर्तमानपत्र पूर्ण जोडलं की न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो आणि मग रीडर उघडायचीच भीती वाटायला लागते. तुम्हाला शेतीच्या किंवा क्रीडाच्या बातम्या हव्या असतील तर तेवढ्याच विभागाचं फीड शोधा. फीडचा खरा फायदा क्वचित लिहिणाऱ्यांसाठी आहे. कुणी अभ्यासक वर्षातून तीन लेख लिहितो, पण जीव ओतून लिहितो, त्याचा लेख हुकू नये म्हणून ही यंत्रणा लाखमोलाची आहे. अशा लोकांचा फोल्डर वेगळा करा आणि आधी तो वाचा. बातम्यांचा फोल्डर दोन दिवसांनी डोळे मिटून सगळा वाचलेला म्हणून मार्क केलात तरी काही बिघडत नाही.

साइट तुमची असेल तर

मराठी साइट चालवणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की तपासा. जुना मजकूर शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तुमच्या साइटवर तो बरोबर दिसतो कारण तिथे तो फॉन्ट जोडलाय, पण फीडबरोबर फॉन्ट जात नाही, फक्त अक्षरांचे कोड जातात, आणि वाचणाऱ्याच्या रीडरमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा येतो. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्याशिवाय दुसरा इलाज नाही. युनिकोड असूनही नुसता कचरा दिसत असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे का बघा.

फीड अख्खंच उघडत नसेल तर कारण बहुतेक वेळा अगदी क्षुल्लक असतं. एक्सएमएलच्या, म्हणजे फीड ज्या टॅगांच्या भाषेत लिहिलेलं असतं तिच्या, पहिल्या ओळीच्या आधी एक रिकामी ओळ राहिली, वर्डप्रेसच्या फंक्शन्स फाइलच्या शेवटी चुकून एंटर मारला की हेच होतं, किंवा हाताने बनवलेल्या फीडमध्ये शीर्षकात अँडचं चिन्ह तसंच टाकलं. डब्ल्यूथ्रीसीचा फीड व्हॅलिडेटर फुकट आहे, पत्ता टाकला की कुठल्या ओळीत घोळ आहे ते सांगतो. आणि साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेताना लेखांचा जीयूआयडी, म्हणजे प्रत्येक नोंदीची ओळख, बदलू देऊ नका, नाहीतर वाचकांकडे जुने सगळे लेख नवीन म्हणून पुन्हा जाऊन पडतात.

यादी जपून ठेवा

गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हा ज्यांनी आपली यादी आधीच उतरवून घेतली होती ते दुसऱ्या रीडरमध्ये जाऊन कामाला लागले. आजही प्रत्येक चांगल्या रीडरच्या सेटिंगमध्ये ओपीएमएल एक्स्पोर्ट, म्हणजे सगळ्या फीड्सची यादी एका फाइलमध्ये उतरवायची सोय, असतं, फाइल छोटीशीच असते, मधूनमधून काढून ठेवा. मात्र ही फाइल ग्रुपवर टाकण्याआधी उघडून बघा, पैसे भरून घेतलेल्या पॉडकास्टच्या फीडचा पत्ता खासगी असतो, त्यातच तुमची ओळख दडलेली असते, तो दुसऱ्याच्या हातात गेला तर तुमचंच सदस्यत्व बंद होऊ शकतं. तेवढ्या ओळी काढून मग पाठवा.

आणि एखाद्या साइटचं फीड खरंच बिघडलेलं निघालं तर त्यांना कळवा, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं कारण ते स्वतःची साइट फीडमधून वाचत नाहीत. नुसतं "फीड चालत नाही" लिहू नका. फीडचा पूर्ण पत्ता, रीडरचं नाव, आलेला एरर नंबर, आणि शेवटचा लेख कुठल्या तारखेचा दिसतोय, एवढं लिहिलंत की समोरच्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.