साथीची भीती देशोदेशी मोजताना या चुका टाळा

सात विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, एकूण बेरीज 7 ते 35. मार्च 2020 मध्ये इराणमधल्या 717 जणांच्या उत्तरांवरून तयार झालेली कोविड-19च्या भीतीची ही मोजपट्टी इतकी सुटसुटीत होती की बघता बघता कितीतरी भाषांत तिची भाषांतरं झाली. मग तुलना सुरू झाल्या. समजा, एका देशाची सरासरी 22 आली आणि दुसऱ्याची 17, तर पहिला देश जास्त घाबरलेला, असं ठरवून माणूस मोकळा होतो. तापमापकातला पारा वाचावा तशी ही बेरीज वाचणं, ही मूळ चूक. खालच्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात.

उलट भाषांतर जुळलं म्हणून निश्चिंत होणं

मूळ मोजपट्टीत हात ओलसर, चिकट होण्याबद्दल एक विधान आहे. त्याचं शब्दशः मराठी करा, दुसऱ्याकडून ते उलट, म्हणजे परत मूळ भाषेत, भाषांतरित करून घ्या. अगदी बरोबर परत येईल. पण घाबरलेला मराठी माणूस 'माझे हात चिकट होतात' असं कधी म्हणतो का? त्याला दरदरून घाम फुटतो, त्याच्या छातीत धडधडतं. 'भीती'च्या जागी 'धास्ती' घातली तरी उत्तरं हलतील, 'धसका' घातला तर आणखीच. उपाय स्वस्त आहे: आठ-दहा जणांना विधान वाचायला द्या आणि 'यातून तुम्हाला काय कळलं?' असं विचारा. हीच पायरी सगळ्यात आधी गाळली जाते, याचं मला नवल वाटतं.

अल्फा चांगला, म्हणजे तुलना चालेल असं मानणं

क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानांतला आपापसातला मेळ दाखवणारा आकडा, मूळ अभ्यासात 0.82 होता. एका गटात ही विधानं एकमेकांना धरून चालतात, एवढंच तो सांगतो. दोन गट एकाच पट्टीने मोजले गेले का, हे त्याला विचारून उपयोग नाही. त्यासाठी मापन-समतुल्यता, म्हणजे पट्टी सगळ्या गटांत सारखंच मोजते का, हे तपासावं लागतं, तेही पायरीपायरीने. आधी रचना सारखी आहे का ते पाहा: मूळ पट्टीत सातही विधानं एकाच घटकाची, म्हणजे मुळाशी असलेल्या एकाच गोष्टीची, मानली होती, पण काही भाषांतरांत भावनिक आणि शारीरिक असे दोन घटक वेगळे निघाले. मग प्रत्येक विधानाचा भार, म्हणजे त्याचं भीतीशी असलेलं नातं किती घट्ट आहे ते, सारखा आहे का. शेवटी आरंभबिंदू, म्हणजे भीती तितकीच असताना त्या विधानाला मिळणारे गुण, सारखा आहे का.

घोडं अडतं ते बहुधा या शेवटच्या पायरीवर. दोन माणसं तितकीच घाबरलेली असतात. 'काळजीने झोप लागत नाही' या विधानाला एक जण सहज 4 देतो, तर दुसऱ्याला तसं कबूल करणं कमीपणाचं वाटतं म्हणून तो 2 देतो. ही पायरी फसली तर सरासऱ्यांची थेट तुलना थांबवा. एखाद-दुसरंच विधान गडबड करत असेल तर त्याला मोकळं सोडून, म्हणजे ते सगळ्या गटांत सारखं असण्याची अट काढून, आंशिक समतुल्यता चालते. देश खूप असतील तर 2014 मध्ये मांडली गेलेली अलाइनमेंट पद्धत आहे; ती पूर्ण समतुल्यतेची अट न घालता गटांच्या सरासऱ्या ताडून पाहू देते. भार जुळत असतील तर भीतीचा इतर गोष्टींशी असलेला संबंध देशोदेशी ताडून पाहता येतो. पुष्कळदा खरा प्रश्नही तोच असतो.

उत्तर देण्याच्या सवयी विसरणं

कुठे लोक टोकाचा पर्याय पटकन निवडतात, कुठे मधल्या 3 वर रेंगाळतात, कुठे समोरच्याला दुखवायला नको म्हणून 'सहमत' म्हणतात. इथे तर सातही विधानं भीतीच्याच बाजूने लिहिलेली आहेत, त्यामुळे हो-ला-हो करण्याची सवय थेट बेरजेत जाऊन बसते.

काळाला संस्कृती समजणं

एका देशाची माहिती एप्रिल 2020 ची आणि दुसऱ्याची लस आल्यानंतरची असेल, तर फरक संस्कृतीचा की तारखेचा? ऑनलाइन विद्यार्थी विरुद्ध सर्वसाधारण लोक, ही गफलतही त्याच जातीची.

भीतीला आजार ठरवणं

मूळ पट्टीने 'अमुक गुणांच्या वर आजारी' अशी रेघ आखली नव्हती. दुसऱ्या देशात कुणी आखलेली रेघ उसनी घेऊ नका. 2020 मधल्या एका अभ्यासात तर ज्यांना भीती जास्त त्यांनीच हात धुणं, अंतर राखणं असे बदल अधिक केल्याचं दिसलं. संसर्ग पसरलेला असताना 25 गुण मिळवणारा माणूस कदाचित फक्त सावध असेल. म्हणून सरासऱ्यांचा तक्ता द्यायचाच असेल तर शेजारी माहिती गोळा केल्याच्या तारखा आणि त्या आठवड्यातली तिथली रुग्णसंख्याही द्या.