टीपी (थर्ड पार्टी) विमा आणि अपघाताची भरपाई: या चुका टाळा

धडक देऊन गेलेली गाडी शेजारच्या गावची होती. नंबर चार जणांनी पाहिला होता. तरी फिर्यादीत ‘अज्ञात वाहन’ लागलं, कारण पिकअपवाला रात्रीच हात जोडत आला: दवाखान्याचा खर्च मी देतो, माझं नाव नका घेऊ. पहिलं बिल त्यानं भरलं. दहावा झाल्यावर फोन उचलणं बंद केलं.

केज-अंबाजोगाई भागात विम्याचे कागद करता करता अशी प्रकरणं माझ्यासमोर येतात. यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी, की त्या पिकअपचा विमा चालू होता. पैसे पिकअपवाल्याच्या खिशातून जाणारच नव्हते. मग गावानं वाचवलं कुणाला? विमा कंपनीला.

भरपाईचा पैसा नेमका कुठून येतो हे माहीत नसलं की अशी चूक होते. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नं सक्तीचा केलाय. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलला ७१४ रुपये, १००० ते १५०० सीसीच्या कारला ३४१६ रुपये, वर जीएसटी. हे २०२२ चे दर. आपल्या सगळ्यांच्या या हप्त्यांतूनच कंपनी मेलेल्या-जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाची भरपाई देते. त्याच हप्त्यांतला थोडा वाटा मोटार वाहन अपघात निधीत जातो, आणि पळून गेलेल्या गाडीच्या बळींना मदत मिळते ती त्या निधीतून.

दोन्हीतला फरक बघा. गाडीचा नंबर कागदावर असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात माणसाचं वय, कमाई, मागे राहिलेली लेकरं-म्हातारी धरून भरपाई ठरते. कमावता तरुण असेल तर आकडा सहज दहा-वीस लाखांवर जातो. चूक कुणाची हा वाद नको असेल तर कलम १६४ खाली मृत्यूला ठोक ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. आणि ‘अज्ञात वाहन’ असेल तर? मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच २५ हजार आणि साडेबारा हजार होते. म्हणून नंबर माहीत असेल तर तो फिर्यादीत, पंचनाम्यात, साक्षीदारांच्या जबाबात यायलाच हवा. गाडी खरंच सापडली नाही तर अर्ज कोर्टात नाही, उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा; मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते. पुढं गाडी सापडून मोठी भरपाई मिळाली तर हे २ लाख त्यातून वळते होतात, एवढंच.

गाडी बाँडवर विकली, आरसी तशीच

आपल्याकडचा हा जुनाच रोग. स्टँप पेपरच्या बाँडवर सही, चावी दिली, चहा पिला, संपलं. घेणारा वर्षभर पळवतो, विमा संपतो, तो भरत नाही. अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या दारात. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) ज्याचं नाव, तोच मालक. विमा चालू असता तर तो कायद्यानंच नव्या मालकाकडे गेला असता (घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं), पण संपलेला विमा कुणाकडेच जात नाही. टीटी, म्हणजे आरसीवर नाव बदल, झाल्याशिवाय गाडी देऊ नका. सख्ख्या मेव्हण्यालाही नाही.

ट्रॉलीत बसलेली टोळी

कारखान्याचे बॉयलर पेटायच्या सुमारास धारूर, पाटोदा, शिरूर कासार भागातून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात. ट्रॉलीत संसार, वर बायका-पोरं. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून मालक निवांत असतो. तीन गोष्टी तपासा. ट्रॉली पॉलिसीत आहे का? ती वेगळी धरली जाते. पॉलिसी शेतीकामाची आणि धंदा ऊस वाहतुकीचा, असं तर नाही ना? आणि मजुरांसाठी जादा हप्ता भरलाय का? मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच सांगितलंय. मग भरपाई मालकानं द्यायची, आणि मालकाकडं काय असतं? तो ट्रॅक्टर, तोही कर्जाचा. टोळी नेणाऱ्या मुकादमानं मजुरांना उचल (आगाऊ पैसे) देताना ट्रॅक्टर मालकाकडं हे कागद मागितले तर बिघडत नाही.

अपघात सांगली-कोल्हापूरकडं झाला म्हणून तिकडेच हेलपाटे मारायची गरज नाही. जिथं राहता तिथल्या जिल्ह्यातही दावा दाखल होतो. बीडचा माणूस बीडला करू शकतो. कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे. वर्षश्राद्धानंतर बघू म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. मुदत उलटली असेल तरी स्वतःच निकाल लावून घरी बसू नका, वकिलाला विचारा.

पोलिसांना न कळवता थेट दवाखाना

जखमीला आधी उचलायचंच, त्यात वाद नाही. पण वाटेत कुणीतरी ११२ लावा. मे २०२५ पासूनच्या कॅशलेस योजनेत नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत उपचार होतात, मात्र अपघात झाल्याची खात्री पोलिसांकडून व्हावी लागते. नेमलेलं रुग्णालय नसेल तर जीव स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो. धडकवणाऱ्या गाडीचा विमा असेल तर हा पैसा विमा कंपन्यांच्या वाट्यातून येतो. विमा नसेल किंवा गाडी पळाली असेल तर सरकारी तिजोरीतून.

आणखी एक. मेलेला माणूस शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचे २ लाख वेगळे असतात. तो पैसा राज्याचा, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, आणि तिथं वेळ फार कमी देतात. कोर्टाचा दावा चाललाय म्हणून हा अर्ज सोडायचं कारण नाही.

‘स्वस्तात करून देतो’

टीपीचा दर सगळीकडं सारखाच. त्यामुळं कुणी निम्म्यात देत असेल तर कागदच खोटा असण्याची शक्यता जास्त. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. विम्याची तारीख तिथं दिसते. नसेल दिसत तर ज्यानं पावती दिली त्याला आजच गाठा, अपघातानंतर तो सापडत नसतो.