‘काय मारू?’ एवढंच विचारू नका: शेतीचा सल्ला मागताना-देताना या चुका टाळा

“भाऊ, कपाशी लाल पडतेय, काय मारू?” सप्टेंबर-ऑक्टोबरात खान्देशातल्या कृषी केंद्रांच्या काउंटरवर हा प्रश्न येतोच. एवढ्या प्रश्नावर दुकानदार बाटली काढून देतो, आणि तिथंच चूक होते. कपाशी लाल पडण्याची कारणं अनेक आहेत. खालची जुनी पानं लाल होऊन शिरा हिरव्या राहिल्या असतील, तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. पानांच्या कडा मुडपून लालसर झाल्या असतील आणि पान उलटलं की तिरके पळणारे किडे दिसत असतील, तर ते तुडतुडे. फक्त खोलगट भागातली झाडं लाल असतील, तर मुळाशी पाणी साचलंय. पहिल्याला १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी, दुसऱ्याला कीटकनाशक, तिसऱ्याला चर काढून निचरा. लक्षण न सांगता घेतलेली बाटली यातल्या एकाच कारणावर चालेल, तेही नशीब असलं तर.

म्हणून निघण्याआधी एका कागदावर लिहा: वाण, लागवडीची तारीख, जमीन काळी भारी की मुरमाड, पाणी ठिबकचं की पाटाचं, शेवटचं खत आणि शेवटची फवारणी कधी व कशाची. लक्षण जुन्या पानांवर आहे की शेंड्याकडच्या, आणि शेतात सगळीकडे आहे की पट्ट्यात, हेही लिहा. नत्र, मॅग्नेशियम कमी पडलं की आधी जुनी पानं बोलतात. लोह, गंधक कमी पडलं की नवी. फोटो पाठवायचे तर चार हवेत: शेताचा, अख्ख्या झाडाचा, पानाच्या वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा. संध्याकाळी टॉर्च लावून काढलेल्या फोटोत पिवळा-लाल फरक कळत नाही.

आधी काय फवारलं ते लपवू नका. ओरडा बसेल म्हणून लोक सांगत नाहीत, आणि मग वेगळ्या नावाच्या बाटलीतून तोच घटक पुन्हा शेतात जातो. बाटलीवरच्या कंपनीच्या नावापेक्षा बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचा.

दुसरी मोठी गडबड मापाची. “पंपाला ३० मिली टाक” हा सल्ला अर्धवट आहे. १५ लिटरच्या पंपात ते लिटरला २ मिली होतं, १० लिटरच्यात ३ मिली, म्हणजे थेट दीडपट. प्रमाण नेहमी लिटरमागं विचारा. दोन जणांचे दोन सल्ले एकाच पंपात ओतणं तर नकोच: कीटकनाशक, बुरशीनाशक आणि विद्राव्य खत एकत्र केल्यानं साका (तळाशी गाळ) बसू शकतो, पानं करपू शकतात.

आता सल्ला देणाऱ्यांसाठी. “माझ्याकडं फरक पडला” हे खरं असेलही, पण तापीकाठची खोल काळी जमीन आणि साक्रीकडची हलकी मुरमाड जमीन एकच औषध, एकच खत मागत नाहीत. विचारणारे नाना असोत की पोरगा, आधी वर लिहिलेली माहिती विचारा, मगच नाव सांगा. माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगून पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्राचा रस्ता दाखवा; किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबरही मराठीत चालतो. आणि पारावर चार लोकांत कुणाची चूक काढू नका. तो माणूस पुढच्या वेळी विचारणारच नाही, गुपचूप चुकीचं करेल.

रावेर-यावलच्या केळीवरच्या हरण्या रोगावर मात्र गोड बोलून आशा लावू नका. तो विषाणूजन्य आहे, बुरशीनाशकानं बरा होत नाही. रोगट झाड मुळासकट उपटून गाडणं, हा रोग पसरवणारी मावा कीड आवरणं, आणि बागेत-बांधाला काकडीवर्गीय वेली, मिरची, टोमॅटो न लावणं, एवढंच खरं उत्तर. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, तरी ते आजच सांगा. आठवडाभरात मावा शेजारच्या झाडांवर गेलेला असतो.

सल्ला पाळताना दोन-तीन ओळी न फवारता सोडा, म्हणजे फरक औषधाचा की पावसाचा हे कळेल. तुडतुड्यांसाठी तीन-चार दिवसांनी पानं उलटून मोजा. मॅग्नेशियम दिलं असेल तर नवी पानं बघा. लाल झालेलं जुनं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्यावरून सल्ला फसला असं ठरवू नका.