गुगलवर स्वतःला शोधताना

नाव-आडनाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर नाव एकाचं आणि आडनाव भलत्याचंच अशी खिचडी समोर येते. नावबंधू प्रसिद्ध असेल तर पहिली पानंच्या पानं त्याचीच भरतात (थोडा हेवा वाटतो, चालायचंच!). अशा वेळी त्याच्या व्यवसायाचा शब्द, उदाहरणार्थ क्रिकेट, वजाचं चिन्ह लावून शेवटी जोडा. चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा सोडायची नाही, तरच तो वगळला जातो. देवनागरीत वेगळं शोधा. रोमन लिपीत मात्र दीक्षितसारख्या आडनावाची दोन-तीन तरी स्पेलिंगं निघतात, ती सगळी तपासा. घोळ फारच होत असेल तर बायोडेटा आणि प्रोफाइल दोन्हीकडे मधल्या नावासह एकच स्पेलिंग ठेवा.